ऐनाच्या झाडावरचा नंबर : किनवटच्या एका कोलाम पोडाचं प्रकरण

दिवाळी होऊन गेली होती. डंडारीचे, म्हणजे दिवाळीतल्या नाचाचे, ढोल खुंटीला लागून आठवडाही झाला नसेल. सरपणाला गेलेली दोन पोरं धापा टाकत पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, परत आली आणि वस्तीच्या प्रमुखांना, नाईकबाबांना म्हणाली, की ठाण्यावरच्या, म्हणजे देवाच्या जागेवरच्या, ऐनाच्या झाडाला नंबर पडलाय. छातीच्या उंचीवर साल तासलेली, त्यावर काळ्या रंगात आकडा, खाली बुंध्याशी हातोड्याचा शिक्का. जंगलात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. झाड कूपात, म्हणजे त्या वर्षीच्या तोडीच्या पट्ट्यात, आलं. दोन-तीन महिन्यांत त्यावर कुऱ्हाड चालणार.

मला फोन आला तो चौथ्या दिवशी. मधले तीन दिवस पोडावर कुणी काहीच बोललं नव्हतं. म्हातारी माणसं रात्री नाईकबाबांच्या अंगणात येऊन बसत आणि तशीच उठून जात. फोन केला तो वनहक्क समितीच्या सचिवाने, आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेल्या पोराने, आणि तोही घरात न सांगता. "ताई, हे कुणाला सांगायचं असतंय का नसतंय, तेच आमच्यात ठरंना," एवढं बोलून तो गप्प झाला.

पोडाचं नाव, कक्ष क्रमांक, माणसांची नावं या लिखाणात नाहीत. ओळख पटेल असे काही तपशीलही मी मुद्दाम गाळले आहेत. माणसांना त्रास होऊ नये हे एक कारण. दुसरं कारण जास्त मोठं आहे. ठाणं कुठे आहे हे बाहेर कळू नये, अशी पोडाची अट आहे, आणि या सगळ्या प्रकरणाचा पेच त्या अटीतच आहे. जी गोष्ट सरकारी कागदावर नाही तिला वाचवता येत नाही, आणि कागदावर आणायची तर ती सांगावी लागते.

जागा

मराठवाडा म्हटलं की काळी जमीन, कापूस, सोयाबीन आणि उन्हाळ्यातले टँकर आठवतात. किनवट आणि माहूर हे दोन तालुके त्यात बसत नाहीत. पैनगंगेच्या या बाजूला डोंगररांगा आहेत आणि त्यांवर सागाचं जंगल. सोबत ऐन, धावडा, मोह, टेंभुर्णी, चारोळी, बिबा. नदीपलीकडे यवतमाळ, पूर्वेला आदिलाबाद. किनवट १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते नांदेडला जोडलं गेलं. त्यामुळे इथल्या गोंड आणि कोलाम घरांची सोयरीक, बाजार, जत्रा आजही तेलंगणाच्या बाजूला आहेत. इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, तिला इकडची माणसं बैलगाडीने जायची, आता जीपने जातात.

कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात. बाकीच्या दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड. त्यांची कोलामी भाषा द्रविड कुळातली. आसपासच्या गोंडांच्या गावांतही देवाचं काही करायचं असलं की कोलाम पुजाऱ्याला बोलावण्याची जुनी रीत आहे, कारण या डोंगरांच्या देवांशी आधी ओळख कोलामांची, असं मानतात.

पूर्वी कोलाम डोंगरउतारावर फिरती शेती करत. एक तुकडा काही वर्षं कसायचा, मग तो जंगलाला परत द्यायचा आणि पुढे सरकायचं. निजामाच्या राजवटीत जंगलं राखीव होत गेली, तशी ही शेती बंद पडत गेली. म्हातारी माणसं त्या काळाला 'लाईन पडली' असं म्हणतात. जंगलाच्या हद्दीची ती लाईन. १९४० साली जोडेघाटला कुमराम भीम आणि त्याचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडले, त्या लढ्याच्या मुळाशीही हाच जंगल-जमिनीचा प्रश्न होता. त्यानंतर निजाम सरकारने हायमेंडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला या भागातल्या आदिवासींचा अभ्यास करायला लावलं.

हा इतिहास इथे सांगायचं कारण आहे. या पोडाच्या आठवणीत पोड दोनदा हललं आहे. एकदा लाईन पडली तेव्हा, एकदा पटकीच्या साथीत. माणसं खाली उतरली, ठाणं वरच राहिलं. त्यामुळे आज पोडापासून ठाण्यापर्यंत तासाभराची चढण आहे आणि मधे दुसऱ्याच बीटची, म्हणजे दुसऱ्या वनरक्षकाच्या क्षेत्राची, हद्द लागते. नकाशा बघणाऱ्याला त्या टेकडीचा आणि या वस्तीचा काही संबंध दिसणारच नाही. वस्तीपासून दूर म्हणजे वस्तीचं नाही, हा हिशोब पाड्या-पोडांच्या बाबतीत फसतो. माणसं हलवली गेली म्हणूनच जागा दूर पडली.

ठाण्यावर काय आहे? मी जे ऐकलं आणि जेवढं मला दाखवलं गेलं तेवढंच सांगते. एक नाला, ज्याचं पाणी पूजेला लागतं. नाल्यापासून वर जाणारी पायवाट. मोहाच्या झाडांची एक ओळ. तिच्या पलीकडे मोकळी जागा, काही उभे दगड, आणि ते ऐनाचं झाड. दगडांना शेंदूर नाही. घंटा नाही, झेंडा नाही, त्रिशूळ नाही. भीमायक या देवाची जागा आहे, असं पोड म्हणतं. वर्षातून मोजक्या वेळी तिथे जातात. चैत्रात मोहफूल पहिल्यांदा तोंडात घालण्याआधी. पाऊस लागल्यावर सागाला नवं पान फुटतं तेव्हा. ते पान मोठं झालं तरी पूजा होईपर्यंत कुणी तोडत नाही. ना पत्रावळीला, ना डोक्यावर धरायला. ज्या झाडाचं घनमीटर मोजलं जातं त्याच झाडाच्या पानाबद्दल एवढा संयम पाळणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

बायका मोहाच्या ओळीच्या अलीकडे थांबतात. मीही तिथेच थांबले. हे मला सोपं गेलं नाही, आणि ते मी तिथल्या बायकांशी बोललेही. एक आजी म्हणाल्या, "तुला वर जायचंय का झाड वाचवायचंय? आधी ठरव." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर जाण्याचा प्रश्न त्यांच्या मुली विचारतील तेव्हा त्यांनी विचारावा; त्याची सुरुवात मी करणं बरोबर नव्हतं.

कागद

आता वनखात्याची बाजू. ती नीट समजून घेतल्याशिवाय असली प्रकरणं फक्त भांडणाची होतात.

राखीव जंगल कार्य आयोजनेप्रमाणे चालतं. साधारण दहा वर्षांचा आराखडा असतो. जंगलाचे कक्ष पाडलेले असतात, कोणत्या कक्षात कोणत्या वर्षी विरळणी, कुठे कूपकटाई, कुठे रोपवन, कुठे मृद्‌संधारण, हे आधीच ठरलेलं असतं. वनरक्षकाच्या हातात येतो तो त्या वर्षीचा कूप आणि मार्किंगचे नियम. नियम असा, की मोहासारखी फळझाडं सोडायची, सरळ वाढणारा साग राखायचा, आणि वाळलेली, पोकळ, शेंडा मेलेली झाडं काढायची.

ठाण्यावरचं ऐनाचं झाड पोकळ होतं. शेंडा वाळलेला. ढोलीत पोपटांची घरटी. नियमाने बघितलं तर त्या टेकडीवरचं सगळ्यात आधी काढण्यासारखं झाड तेच. वनरक्षक बीडकडचा, तरुण, नोकरीला लागून दोन वर्षं झालेला. तो मला कळवळून म्हणाला, "ताई, मोहाला मी हात लावला नाही. मंदिर असतं तर मी झाडाला शिवलोही नसतो. तिथं काहीच नव्हतं हो." तो खोटं बोलत नव्हता. त्याला जे देवाचं म्हणून ओळखायला शिकवलं होतं, त्यातलं तिथे खरंच काही नव्हतं.

हातोड्याच्या शिक्क्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट मला या चौकशीत कळली आणि ती जास्त लागली. त्याच उतारावर सलग समतल चर खोदले गेले होते. पाणी अडवायचं काम, मराठवाड्यात त्याला कोण नाही म्हणेल? जेसीबीने समपातळीची रेघ धरून चर नेले, ते मोकळ्या जागेच्या एका कडेने गेले. उभ्या दगडांपैकी दोन दगड उपसलेल्या मातीबरोबर बांधावर जाऊन पडले. पोडातल्या माणसांनी दोन रात्री ते दगड शोधले. एक सापडला. दुसरा नाही. तक्रार कुणीच केली नाही. ज्या गोष्टीचं नाव बाहेरच्याला सांगायचं नसतं, तिची तक्रार कोणत्या अर्जावर करणार?

२०१४च्या राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेत सांस्कृतिक आणि पवित्र वनं, झाडं, तळी यांची नोंद घ्यायला जागा दिली होती. म्हणजे वरच्या पातळीवर विचार झालेला आहे. पण ती नोंद भरणार कोण? नोंद घ्यायला येणारा माणूस सरपंचाला विचारतो, आणि सरपंच मोठ्या गावात राहतो, पोडापासून आठ किलोमीटरवर. तो सांगतो ते मारुतीचं देऊळ आणि दर्गा. त्यात गैर काही नाही, पण पोड तिथेच गळून जातं.

कायदा काय देतो

सुरुवात ग्रामसभेपासून करावी लागली. पोडाची माणसं ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेला गेली तर मागे उभी राहतात. पेसा कायद्यातली, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६च्या कायद्यातली, गावाची व्याख्या वेगळी आहे. आपल्या रीतिरिवाजाप्रमाणे कारभार चालवणारी वस्ती, पाडा हेसुद्धा गाव असतं, आणि त्याची ग्रामसभा आपल्या परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनं जपायला सक्षम असते. किनवट अनुसूचित क्षेत्रात येतं. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ साली आले, त्यांत वस्तीला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करायची रीत दिली आहे. या पोडाने तो ठराव आधीच करून ठेवला होता. रेशनच्या भांडणातून केला होता, देवासाठी नाही. पण तो आता कामाला आला.

दुसरा आधार २००६चा वनहक्क कायदा. लोकांना त्यातले वैयक्तिक पट्टे माहीत असतात. कलम ५ फारसं कुणी वाचत नाही. त्यात ग्रामसभेला असा अधिकार दिला आहे, की जंगलावर जगणाऱ्या समाजाच्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला बाधा आणणाऱ्या विध्वंसक गोष्टींपासून त्यांचा अधिवास जपला जाईल, हे तिने बघावं. आणि नियम १३मध्ये सामूहिक दाव्याचे पुरावे म्हणून काय काय चालतं त्याची यादी आहे. पवित्र झाडं, देवराया, तळी, नदीकाठ, दफनभूमी, समाजाने बांधलेल्या जुन्या बांधकामांचे अवशेष, हे सगळं त्यात आहे. पुराव्यांत वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही धरतात.

या जबाबाचं मोल मराठवाड्यात फार आहे. विदर्भातल्या गावांना जुन्या मध्य प्रांताचं निस्तार पत्रक हाताशी असतं. कोणत्या जंगलातून गाव काय आणत होतं हे त्यात लिहिलेलं सापडतं. आपल्याकडे निजामाचा कारभार, कागद उर्दूत, आणि पोडांबद्दल त्यांत शोधून काही हाताला लागत नाही. १९५४च्या खासरा पत्रकात शेतजमीन आहे, डोंगरावरचा देव नाही. त्यामुळे इथे पुरावा म्हणजे माणसांची तोंडं.

वारशाचे इतर कायदे इथे उपयोगाचे नाहीत, हे मला या निमित्ताने स्पष्ट झालं. १९५८चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा किमान शंभर वर्षं जुनी वस्तू मागतो. त्या दगडांचं वय कोण सांगणार, आणि सांगितलं तरी ते झाड त्यात कसं बसणार? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातही असाच पेच आहे. तिथल्या मूळ जमाती शेकडो वर्षं रेड सीडरची साल सोलून तिचे दोर, टोपल्या, कपडे करत. सोललेल्या जागेचा व्रण झाडावर कायम राहतो. तो व्रण १८४६च्या आधीचा आहे असं सिद्ध झालं तर त्या झाडाला कायद्याचं संरक्षण मिळतं. नंतरचा असेल तर ते आपोआप मिळत नाही. परंपरा तीच, लोकही तेच, पण एक साल मध्ये येतं. ज्या जागेवर अजून माणसं जातात, तिला जुनेपणाचा दाखला मागणं मला अन्यायाचं वाटतं. आपला वनहक्क कायदा या एका बाबतीत उजवा आहे. तो वय मागत नाही, वापर आणि नातं मागतो.

न्यायालयाने याला बळ दिलेलं आहे. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. डोंगर डोंगरिया कोंधांचा देव. १८ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की धार्मिक-सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवा. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. पोडावर मी ही गोष्ट सांगितली तेव्हा नाईकबाबांनी एकच प्रश्न विचारला, "त्याईनं देवाचं नाव कोर्टात सांगितलं?" मी हो म्हटलं. ते बराच वेळ नाल्याकडे बघत राहिले.

नकाशा

इथे माझी चूक झाली आणि ती लिहायला हवी.

घाईत मी माझ्या सहकाऱ्याला वर पाठवलं. नाईकबाबांची परवानगी होती, पण ती झाड दाखवायची होती. सहकाऱ्याने मोबाईलवर झाडाचे अक्षांश-रेखांश घेतले, दगडांचे फोटो काढले आणि रात्री ते आमच्या कामाच्या गटावर टाकले. मी ते दाव्याच्या नकाशाला जोडायचे ठरवले होते. सकाळी पोडाचे एक मानकरी, महाजन, घरी आले. चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, तुमच्या मोबाईलात देव गेला. आता तो कुणाकुणाच्या खिशात गेला, मला सांगा." मला सांगता येईना. त्या गटात तेवीस माणसं होती.

फोटो काढून टाकले, प्रत्येकाला फोन करून काढायला लावले. तरी ती जागा आता पूर्वीइतकी झाकलेली नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. सोन्याच्या हव्यासाने जुन्या ठाण्यांखाली खणणारे लोक या भागात आहेत. पोड उगीच लपवत नव्हतं.

मग आम्ही उलट्या बाजूने विचार केला. पोडाला एक बिंदू वाचवायचा नव्हता. नाल्याचं पाणी हवं, वाट हवी, मोह हवेत, भोवतीचा साग हवा, कारण पान त्यांचंच. म्हणजे राखायची होती ती अख्खी टेकडी. सामूहिक वनसंपत्तीचा दावा नमुना 'क'मध्ये करतात, त्यात परंपरागत हद्द द्यायची असते. तिथे देवाचा पत्ता मागितलेला नाही. चतुःसीमा सांगायची : हा नाला, ती खिंड, तो बिब्याचा माळ, जुनी गाडवाट. या हद्दीत पोडाचं सगळं आलं आणि कशावरही बोट ठेवावं लागलं नाही. वडीलधाऱ्यांच्या जबाबात 'या हद्दीत आमची देवाची झाडं, पाणी आणि पूर्वजांच्या जागा आहेत' एवढं वाक्य आलं. नियमाला तेवढं पुरतं.

हे सुचवलं त्या आजींनी, ज्यांनी मला वर जायचंय का झाड वाचवायचंय असं विचारलं होतं. मोहफूल वेचणाऱ्या बायकांना प्रत्येक झाड कुणाच्या घराचं ते पाठ असतं, पण वेचायची हद्द त्या नाल्या-माळांनी सांगतात. ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. त्या दिवशी बायका निम्म्याहून जास्त होत्या. ठराव त्यांच्याच हद्दीने झाला.

संयुक्त पाहणी

ग्रामसभेचा ठराव आणि एक साधं पत्र घेऊन आम्ही वनपरिक्षेत्र कार्यालयात गेलो. पत्रात कायद्याची कलमं होती, पण सुरुवात होती ती 'आमच्या पोडावर या, बरोबर चला, बघा' अशी. अधिकारी आले. त्यांच्याबद्दल मला आदराने लिहायचंय. मोहाच्या ओळीपाशी महाजन थांबले, तेव्हा त्यांनी 'पुढे काय आहे' असं विचारलं नाही. बूट काढले, नाल्यावर हात धुतले आणि तिथल्याच एका दगडावर बसून म्हणाले, "मला कुठून कुठपर्यंत काम नको, तेवढं सांगा."

पंचनाम्यात ज्या गोष्टी आल्या त्या अशा. नाला ते खिंड एवढ्या भागात त्या वर्षीची तोड नाही. मार्किंग झालेली झाडं उभी राहतील. चराचा जो भाग मोकळ्या जागेला लागतो तो हाताने बुजवायचा, यंत्राने नाही, आणि मजुरी पोडाच्याच माणसांना. पुढे या कक्षात कोणतंही काम करायचं असेल तर मार्किंगच्या आधी ग्रामसभेला कळवून एकत्र फेरी मारायची. कारणाच्या रकान्यात 'ग्रामसभेच्या परंपरागत वापराचं क्षेत्र' एवढंच.

चर बुजवताना दुसरा दगड सापडला. मी तिथे नव्हते. त्या संध्याकाळी पोडावरून फोन आला, आणि पलीकडून बराच वेळ फक्त ढोल ऐकू येत होता.

पंचनामा म्हणजे कायमची व्यवस्था नव्हे, हे आम्हाला माहीत होतं. अधिकाऱ्यांची बदली होते, कूप पुन्हा येतो. २०१२च्या दुरुस्तीने वनहक्क नियमांत एक महत्त्वाची गोष्ट आली आहे : ग्रामसभेची समिती आपल्या सामूहिक जंगलाचा संवर्धन आराखडा करेल, आणि तो वनखात्याच्या आराखड्याशी जोडला जाईल. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक हक्क २००९मध्ये मिळाले, चंद्रपूरच्या पाचगावला २०१२मध्ये. पाचगावने तर तेंदूपत्त्याचं उत्पन्न सोडलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि आगी लागतात. ग्रामसभेच्या हाती जंगल आलं की ती असे निर्णय घेते. या पोडाचा दावा उपविभागस्तरीय समितीकडे आहे. तो निघेपर्यंत पंचनामाच आधार.

सभामंडप

तोड थांबली आणि दुसरं संकट आलं. हे संकट प्रेमाने आलं, म्हणून जास्त अवघड होतं.

पाहणीची बातमी फुटली. 'वर देवस्थान आहे' असं मोठ्या गावात झालं. निवडणुकीचं वर्ष होतं. एका पुढाऱ्याने सभामंडप, सोलर दिवे, पेव्हर ब्लॉक आणि वरपर्यंत सिमेंटचा रस्ता असा प्रस्ताव आणला. पोडातल्या तरुणांना तो आवडला. त्यांचं म्हणणं मी हलक्याने घेत नाही. एक पोरगा म्हणाला, "माहूरला रेणुकेचा एवढा मोठा गड आहे. आमच्या देवाला पत्राबी नाय. शाळेत पोरं म्हणतात, तुमचा देव दगडाचा बी नाय धड." त्या पोराला मान हवा होता, आणि मान सिमेंटमध्ये असतो असंच त्याने आजवर पाहिलं होतं.

म्हाताऱ्यांचं म्हणणं एवढंच, की छताखाली भीमायक राहत नाही. यावर ग्रामसभेच्या तीन बैठका झाल्या. मी दोनदा गेले आणि काहीच बोलले नाही. तिसऱ्या बैठकीत तरुणांनीच वेगळी मागणी मांडली : वर काही नको, खाली पोडात एक खोली बांधा, जिथे ढोल, डंडारीचं साहित्य ठेवता येईल आणि कोलामीतल्या कथा म्हाताऱ्यांकडून पोरांना ऐकता येतील. ती खोली अजून झालेली नाही. सभामंडप मात्र रद्द झाला.

असल्या प्रकरणांत आपण खात्याच्या कुऱ्हाडीकडे बघत राहतो आणि सौंदर्यीकरणाकडे दुर्लक्ष करतो. मराठवाड्यात मी पाहिलेली कितीतरी रानातली ठाणी तोडीने गेली नाहीत. ती फरशीने गेली, कमानीने गेली, आणि देवाचं मूळ नाव बदलून दुसरं नाव रंगवलेल्या पाटीने गेली. राखणं म्हणजे कधी कधी तिथे काहीही न करणं, आणि त्यासाठी कुठल्याही योजनेत निधी नसतो.

वळवाचा वारा

पुढच्या वैशाखात वळवाचा पाऊस आला आणि ऐनाचं झाड एका रात्रीत पडलं. पोकळ होतंच.

वनरक्षकाने मला स्वतः फोन केला. त्याची अडचण खरी होती. पडलेलं झाड म्हणजे वनोपज. ते उचलून आगारात न्यायचं, नाहीतर त्याच्यावर लाकूड गहाळ केल्याचा ठपका. त्याने ग्रामसभेला पत्र दिलं, पंचनाम्यातल्या अटीप्रमाणे. पोडाने उत्तर दिलं, की झाड पडलेलं आहे, गेलेलं नाही. ते तिथेच माती होईल. शेजारी ऐनाचं एक रोप आहे, महाजनांनी आणि नाईकबाबांनी ते पाहिलं आहे.

वरच्या कार्यालयाकडून उत्तर यायला सव्वा महिना लागला, पण ते आलं. खोड जागेवर ठेवावं, मोजमाप घेऊन नोंद करावी. मोजायला वनरक्षक गेला. मोहाच्या ओळीपाशी थांबला आणि टेप महाजनांच्या हातात दिला. महाजनांनी वर जाऊन घेर आणि लांबी मोजली, खाली येऊन आकडे सांगितले, त्याने वहीत लिहून घेतले.

यंदा सागाला पान फुटलं तेव्हा मी पोडावर होते. वरून परतलेल्या पोरांनी सांगितलं, की खोडावर आळंबी उगवली आहे आणि साल सुटायला लागली आहे. नंबरातले पहिले दोन आकडे गळून गेलेत. तिसरा अजून वाचता येतो.